निवृत्तिनिधी आणि त्यावरील शुल्क : एक दुर्लक्षित विषय

वैद्याला निवृत्तीचे वय नसते, असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु सत्तरीनंतर दवाखाना उघडण्याची इच्छा असणे आणि तो उघडणे भाग पडणे, यांत मोठे अंतर आहे. स्वतंत्र व्यवसाय करणारे वैद्य आणि औषधी दुकानांचे मालक यांना निवृत्तिवेतन देणारे कोणी नसते. तरतूद स्वतःच करावी लागते. ती करताना परतावा किती, हे सर्वजण विचारतात. शुल्क किती, हे क्वचितच कोणी विचारतो. प्रस्तुत लेखात आम्ही या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करीत आहोत.

घाऊक विक्रेत्याकडून माल घेताना अर्ध्या टक्क्याच्या सवलतीसाठी आपण आग्रह धरतो. निधीच्या व्यवस्थापनाचे शुल्क मात्र वेगळ्या बिलाने येत नाही. ते निधीच्या मालमत्तेतून रोजच्या रोज वजा होते आणि उरलेले मूल्य आपल्याला कळविले जाते. दूषीविषाप्रमाणे त्याचा परिणाम तत्काळ जाणवत नाही. वर्षानुवर्षे साचून तो प्रकट होतो.

समजा, १ लाख रुपये २५ वर्षांसाठी गुंतविले आणि शुल्कापूर्वीचा परतावा वार्षिक १० टक्के राहिला. शुल्कामुळे तो ९.९ टक्के झाला, तर अखेरीस सुमारे १० लाख ५९ हजार रुपये होतात. शुल्कामुळे तो ८ टक्क्यांवर आला, तर सुमारे ६ लाख ८५ हजारच हाती येतात. दोन टक्के हा आकडा लहान वाटला, तरी येथे तो एक तृतीयांशाहून अधिक रक्कम घेऊन जातो.

शुल्कातील हा फरक बहुधा व्यवस्थापनाच्या पद्धतीतून येतो. सक्रिय पद्धतीत व्यवस्थापक अभ्यास करून समभाग निवडतो व बाजारापेक्षा अधिक परतावा मिळविण्याचा प्रयत्न करतो. निष्क्रिय पद्धतीत निफ्टी किंवा सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातील समभाग त्याच प्रमाणात घेतले जातात. निवडीचा खर्च नसल्याने शुल्क कमी असते. अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये एक साधा हिशेब मांडला. सर्व गुंतवणूकदार मिळून म्हणजेच बाजार. म्हणून खर्चापूर्वी सक्रिय गुंतवणुकीचा सरासरी परतावा बाजाराइतकाच असतो आणि खर्च वजा जाता तो निष्क्रिय गुंतवणुकीपेक्षा कमीच भरतो. काही कुशल व्यवस्थापक बाजारावर मात करतात, हे खरे. परंतु पुढील २५ वर्षे ते कोण करील, हे आज ओळखणे अत्यंत कठीण आहे.

आपल्याकडील राष्ट्रीय पेन्शन योजना १ मे २००९ रोजी सर्व नागरिकांना खुली झाली. तेव्हा व्यवस्थापन शुल्क ०.०००९ टक्के, म्हणजे लाखामागे वर्षाला अवघे ९० पैसे होते आणि समभागांतील रक्कम निर्देशांकानुसारच गुंतविली जात असे. पुढे सक्रिय निवडीची मुभा मिळाली व शुल्कही वाढले. १ एप्रिल २०२१ पासून ते मालमत्तेच्या आकारानुसार ०.०३ ते ०.०९ टक्के, म्हणजे लाखामागे ३० ते ९० रुपये झाले. वाढ मोठी असली, तरी २ टक्के शुल्काचे लाखामागे २,००० रुपये होतात, हे ध्यानात घ्यावे. याशिवाय नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचे आणि ज्या केंद्रामार्फत रक्कम भरतो त्याचे शुल्क निराळे असते. लहान खात्यावर ठरावीक शुल्काचा भार तुलनेने अधिक पडतो.

शुल्क कमी म्हणजे धोका कमी, असा मात्र अर्थ नाही. २००८ मध्ये सेन्सेक्स जानेवारीतील २१,००० वरून ऑक्टोबरमध्ये ८,५०० च्या आसपास उतरला. निर्देशांकानुसार चालणारे निधीही त्याबरोबरच उतरले. म्हणून निवृत्ती जवळ आली की समभागांचे प्रमाण घटविणे श्रेयस्कर.

कोणत्याही योजनेवर स्वाक्षरी करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत, अशी आमची वाचकांना विनंती आहे. सर्व मिळून वार्षिक शुल्क किती? विक्रेत्याचे कमिशन त्यात आहे काय? सक्रिय व्यवस्थापन असल्यास, शुल्क वजा जाता त्याने निर्देशांकाहून अधिक काही दिले काय? उत्तरे लेखी घ्यावीत. रुग्णाला मात्रा ठरवून देणाऱ्यांनी स्वतःच्या निधीतून काय व किती वजा होते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.