मुंढा : अंगावरून कपड्यावर आलेला शब्द

छत्रपती संभाजीनगरातील (औरंगाबाद) भीमनगर, मुकुंदवाडीसारख्या वस्त्यांत अनेक भगिनी घरी मशीन चालवून संसाराला हातभार लावतात. 'मुंढा' हा त्यांच्या रोजच्या तोंडचा शब्द. बाही जोडण्यासाठी खांद्यापासून काखेपर्यंत कापलेली गोलाई म्हणजे मुंढा. आपल्या शहरातला बाजाराचा मोंढा वेगळा!

हिंदीत खांद्याला 'मोंढा' म्हणतात. मुंढा त्याचेच भावंड. अंगाच्या भागाचे नाव कपड्याला मिळाले. इंग्रज शिंपी यालाच 'आर्मसाय' म्हणतात. 'आर्म्स आय', म्हणजे हाताचा डोळा, यावरून ते नाव पडले अशी गोष्ट सांगतात. शब्दकोश मात्र 'साय' हा स्कॉटलंड व अल्स्टरच्या बोलीतला शब्द असल्याचे नोंदवतात. गोष्ट गोड असली तरी पुरावा पाहूनच मानावी, ही आपली शिकवण आहे.

शिवणाच्या शब्दांना कुणी हलके समजू नये. विनयपिटकातील महावग्गात कथा आहे. मगधातील बांधांनी आखलेली शेते पाहून भगवान बुद्धांनी तशी चीवरे बेतता येतील का, असे आनंदाला विचारले. आनंदाने ती करून दाखविली. तेव्हा भगवंतांनी चीवराच्या तुकड्यांची नावे घेत त्याची प्रशंसा केली. त्यांत गळ्याकडचा 'गीवेय्यक', पोटरीकडचा 'जंघेय्यक' आणि बाहूकडचा 'बाहन्त' आहे. चीवराला मुंढा नसतो. पण कापड अंगावर बेतण्याची विद्या तथागतांनी मोलाची मानली.

नीट कपडा हा आपल्यासाठी केवळ हौसेचा विषय नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी, जात दाखविणारी पद्धत सोडण्यास सांगितले. कपड्यातून माणसाचा मान दिसतो, हे त्यांनी ओळखले होते.

आता कामाची गोष्ट. हात पुढे जास्त हलतो, म्हणून पुढचा मुंढा मागच्यापेक्षा थोडा खोल कापतात. मुंढा फार खाली उतरला, तर हात वर करताच सगळे पोलके वर ओढले जाते. म्हणून तो काखेला बेताने जवळ असावा. कापलेले कापड परत जुळत नाही. चुकीचा भुर्दंड शिवणारणीलाच बसतो.

म्हणून आम्ही म्हणतो, आपल्या लेकींना नुसती टीप मारायला शिकवू नका, बेतायलाही शिकवा. प्रत्येक मापाचे नाव आणि कारण जिला सांगता येते, तिला आपल्या कामाचे दामही ठणकावून सांगता येतात.