शनिवारचा भोपळा

लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटायला लागतं. शाळा भरते साडेदहाला, तोवर फुलाचा खेळ संपलेला असतो. म्हणून पुरंदर तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत भोपळ्याचा पाठ फक्त शनिवारी होतो, कारण शनिवारी सकाळची शाळा. भाद्रपदातल्या अशाच एका शनिवारी मी तिथे होते. परिपाठ आटोपला आणि चौथीची मुलं दप्तरं व्हरांड्यात टाकून थेट कुंपणाकडे पळाली.

तारेच्या कुंपणावर वेल चढलेला होता. "ह्यो नर, ही मादी. हिच्या मागं भोपळा हाय की!" एका मुलानं मला दाखवलं. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली सुपारीएवढा हिरवा गोळा असतो. नर फूल लांब, बारीक दांड्यावर उभं असतं. फुलं बहुतेक नरच, मादी मोजकी. एका मुलीनं नर फूल तोडलं, त्याच्या पाकळ्या सोलून काढल्या आणि उरलेला परागाचा दांडा मादी फुलात हलक्या हातानं फिरवला. बोटांना पिवळी पूड लागली होती. ती तिनं फ्रॉकला पुसली नाही, शेजारच्या मादी फुलात झटकली. मग दोन्ही फुलांच्या देठांना लाल दोरा बांधला. कुंपणाच्या पलीकडच्या टोकाची फुलं मात्र कुणी शिवली नाहीत. "ती मधमाश्यांची. आपण हात नाय लावायचा."

पुढच्या शनिवारी दोऱ्याच्या फुलांपैकी काहींचे गोळे फुगलेले होते, काही पिवळे पडून गळाले होते. मधमाश्यांच्या वाट्यातलंही एक चांगलं धरलं होतं. गळण्याचं कारण बाईंनी सांगितलं नाही, मुलांनाच विचारलं. पाणी कमी पडलं, रात्रीच्या पावसानं पराग धुतला, "वेलालाच इतकी नको असतील" अशी तीन उत्तरं आली. तिन्ही फळ्यावर लिहिली गेली. तिसरं उत्तर मला फार आवडलं. पोसता येणार नाहीत तेवढी फळं वेल खरोखरच टाकून देतो. पुस्तकातल्या परागीभवनाच्या आकृतीत धरलेलं फळ असतं, गळलेलं नसतं. हा प्रश्न कुंपणाशी उभं राहिल्यावरच पडतो.

या शाळेची बाग दिसायला देखणी नाही, हे सांगितलंच पाहिजे. वाफ्यांच्या कडा वाकड्या आहेत. वीतभर अंतर मोजून लावलेल्या रोपांत कुणाची वीत लहान, कुणाची मोठी, ते लगेच कळतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर पालेभाज्यांची पेरणी होते. धने तसेच पेरले तर नीट उगवत नाहीत, ते रगडून त्यांची दोन दळं करावी लागतात. पहिलीच्या मुलांनी ते फरशीवर चपलेखाली रगडले. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर आली. कोथिंबीर मात्र आठवडा उलटला तरी दिसेना. तिथे रोज कुणीतरी माती उकरून बघत होतं आणि दुसरा त्याला ओरडत होता.

मेथीच्या एका वाफ्यात सगळी रोपं एका कोपऱ्यात दाटीनं उगवली होती, बाकी वाफा उघडाबोडका. आदल्या आठवड्यात मुलांनी मगानं उंचावरून पाणी ओतलं होतं. मोठ्या माणसाचा हात अशा वेळी शिवशिवतो. दहा मिनिटांत वाफा सारखा करून पुन्हा बी टाकता येतं. बाई वाफ्याशी बसल्या आणि विचारलं, "बी गेलं कुठं?" एक मुलगा बोटानं ओघळाची वाट दाखवत म्हणाला, "पाण्यानं वाहून नेलं. मातीपण नेली." मग सगळी मुलं शाळेमागच्या उतारावर गेली. तिथे तसेच ओघळ होते, फक्त हातभर खोल. परत येऊन त्यांनी मोकळ्या जागेत नवी मेथी पेरली, वर वाळलेलं गवत पसरलं आणि त्यावर झारीनं पाणी शिंपडलं. जमिनीची धूप आणि आच्छादन हे दोन्ही शब्द बाईंनी त्या दिवशी सगळ्यात शेवटी सांगितले.

पाणी हा इथला मोठा प्रश्न. पर्जन्यछायेचा भाग, बोअर जानेवारीपासूनच दम टाकते. खिचडी खाऊन मुलं ज्या नळांवर हात-ताटं धुतात, त्याखालची नाली आधी एका जाळीवरून जाते. शितं जाळीत अडकतात आणि ती खतखड्ड्यात पडतात. खालचं पाणी दगड-वाळूच्या खड्ड्यातून अळू आणि केळीला मिळतं. जाळी साफ करायची पाळी असते आणि ती कुणालाच आवडत नाही, तरी ती चुकत नाही.

कढीपत्त्यावरून एकदा भांडण झालं. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखे ठिपके दिसले, जवळून पाहिलं तर अळ्या. कॉमन मॉरमन या फुलपाखराच्या. लहानपणी त्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. डिवचलं तर डोक्यामागून लालसर शिंग बाहेर काढतात आणि त्याला उग्र वास येतो. खिचडी शिजवणाऱ्या मावशी वैतागल्या, कारण झाडाची पानं संपत चालली होती. काही मुलं मावशींच्या बाजूची, काही अळ्यांच्या. बराच वाद होऊन ठरलं की पश्चिमेकडची फांदी अळ्यांची आणि उरलेलं झाड शाळेचं. मुलं रोज अळ्या उचलून त्या फांदीवर ठेवायची. काही अळ्या बुलबुलांनी नेल्या. त्यावर पुन्हा रडारड झाली, आणि बुलबुलाच्या पिल्लांचं काय, हा प्रश्नही एका मुलीनंच काढला. औषध फवारून पाच मिनिटांत मिटलं असतं, पण मग त्या वर्गात हे बोलणं झालंच नसतं.

शाळेच्या परसबागेला आता सरकारी पाठबळ आहे, स्पर्धा आहेत. ते चांगलंच आहे. पण स्पर्धेची तपासणी जवळ आली की गावातून माणूस बोलावून वाफे आखले जातात, नर्सरीतून तयार रोपं येतात आणि मुलांच्या हाती फोटोपुरती झारी दिली जाते, असंही मी पाहिलं आहे. अशा बागेत मुलांना करायला काही उरत नाही. वर्ध्याच्या १९३७च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा २००५मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून तिथे शेतीकाम हा अभ्यासाचाच भाग आहे. हाताच्या कामातून शिकणं महाराष्ट्राला परकं नाही. त्यात हात मुलांचेच असावे लागतात.

बागेमुळे पोषण आहाराचा भाजीखर्च वाचतो, हा दावाही जरा तपासून घ्यावा. प्राथमिकच्या मुलासाठी दिवसाला ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. चाळीस मुलं म्हणजे रोज २ किलो. तिसरीच्या मुलांनी वाफ्यातली मेथी निवडून काट्यावर तोलली, तेव्हा ती एका दिवसालाही पुरेना. हे गणित त्यांनी स्वतःच सोडवलं. त्या दिवशीच्या खिचडीत मात्र मेथी बाजूला काढून ठेवणारं एकही ताट मला दिसलं नाही.

खरी अडचण येते मे महिन्यात. शाळा बंद, पाणी नाही, कुंपण ओलांडून शेळ्या आत. गावातली दोन-तीन घरं आळीपाळीनं शेवगा, कढीपत्ता आणि केळी तेवढी जगवतात. पालेभाज्यांचे वाफे मोकळेच राहतात. दुसरी अडचण बदल्यांची. बाईंची बदली झाली तर नवे शिक्षक बाग धरतील की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून एप्रिलमध्ये चौथीची मुलं भोपळ्याचं, वालाचं बी राखेत घोळून बाटल्यांत भरतात, बाटलीवर पेरायचा महिना लिहितात आणि तिसरीच्या ताब्यात देतात. बाईंनी नोंदवहीही मुलांच्याच कपाटात ठेवली आहे. त्यात पहिल्या पानावर लिहिलंय : भोपळा, फक्त शनिवारी, आठच्या आत.