कांस्याचे देवदूत आणि काशाचे टाळ

भजनाचे टाळ मिस्साबलिदानात शोभतात काय, हा प्रश्न तिगावसारख्या मराठी खेड्यात, पांढुर्णा-सौसरच्या परिसरात, सेवा करणाऱ्या धर्मशिक्षकास पडणे स्वाभाविक आहे. त्याचा विचार करण्यासाठी प्रथम आपण एका दूरच्या वेदीकडे वळू.

इटलीतील पादुआ येथे संत अंतोनीच्या महामंदिरासाठी दोनातेल्लो या शिल्पकाराने १४४६ ते १४५० या काळात कांस्यमूर्तींनी युक्त अशी वेदी सिद्ध केली. तिच्यात बालदेवदूतांचे बारा फलक आहेत. कोणी बासरी वाजवितो, कोणी डफ, कोणी तंतुवाद्य. काही गात आहेत. हे केवळ अलंकरण नव्हे. 'पवित्र, पवित्र, पवित्र' हे गीत गाताना आपण स्वर्गातील सैन्याच्या स्वरात आपला स्वर मिळवितो, अशी ख्रिस्तसभेची श्रद्धा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनेही १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात (क्र. ८) हेच शिकविले. दोनातेल्लोने ही श्रद्धा धातूत ओतली. परंतु त्याची वाद्ये मुकी आहेत. त्यांना वाणी मिळते ती वेदीभोवती जमलेल्या भाविकांच्या मुखातून.

घंटेचे तसे नाही; तो धातू स्वतःच निनादतो. जुन्या विधीनुसार बिशप घंटेस पवित्र जलाने धूत व तैलाभ्यंग करीत. लोक त्यास घंटेचा बाप्तिस्मा म्हणत. पवित्र गुरुवारच्या गौरवगीतानंतर पुनरुत्थान-जागरणाच्या गौरवगीतापर्यंत ती मौन पाळते. म्हणजे ती जणू समुदायाबरोबरच शोक व आनंद करते.

तरीही नुसत्या धातूत पावित्र्य वसत नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील ख्रिस्तमंदिरांच्या घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ व भीमाशंकर येथील घंटा प्रसिद्ध आहेत. वाईजवळ मेणवली येथील घंटेवर बाळ येशूसह पवित्र मारियेची आकृती आहे. धातू तोच, नाद तोच. परंतु तो नाद कोणत्या प्रार्थनेची हाक आहे, हे भोवती जमणारा समुदाय ठरवितो.

आता टाळांकडे येऊ. घंटा आणि काशाचे टाळ ही एकाच कुळातील. तांबे व कथील हेच त्यांचे घटक. स्तोत्रसंहितेच्या दीडशेव्या स्तोत्रात परमेश्वराच्या स्तवनासाठी झांजांना मान आहे. उपरोक्त संविधानही (क्र. ११९) प्रत्येक जनसमूहाच्या संगीतपरंपरेस उपासनेत योग्य स्थान देण्यास सांगते. तेव्हा टाळ परके नाहीत. मात्र प्रीतीवाचून बोलणाऱ्यास संत पौलाने नुसत्या वाजणाऱ्या धातूची उपमा दिली आहे, हे विसरू नये. टाळांनी समुदायाचे गाणे उचलून धरावे, झाकून टाकू नये. धर्मशिक्षकांनी प्रथम लोकांना 'पवित्र, पवित्र, पवित्र' मनापासून गावयास शिकवावे. मग त्यांच्या हाती टाळ द्यावेत. पादुआच्या त्या मुक्या देवदूतांना आमच्या खेड्यातही वाणी लाभेल.