यंत्र बंद, तरी तार जागी

औषधांनी फिट आटोक्यात येत नसतील, तर काही अपस्माराच्या रुग्णांच्या छातीत डावीकडे कातडीखाली एक छोटं यंत्र बसवतात. त्याची तार मानेतल्या व्हेगस मज्जातंतूला वेढलेली असते. अमेरिकेत १९९७ साली या उपचाराला मान्यता मिळाली. बहुतेकदा ३० सेकंद विजेचे हलके स्पंद, मग ५ मिनिटं विश्रांती, असं रात्रंदिवस चालतं. रुग्णाजवळ लोहचुंबक असतो. फिट येतेय असं वाटताच तो छातीवरून फिरवला, की यंत्र जादा स्पंद देतं. तोच तिथे धरून ठेवला, की यंत्र गप्प!

मग एमआरआय काढायचा तर? स्कॅनर स्वतःच अजस्र चुंबक. म्हणून आधी सगळे स्पंद शून्यावर आणतात, चुंबकाने सुरू होणारेसुद्धा. पण यंत्र थांबलं तरी तार आत असतेच. १.५ टेस्लाच्या स्कॅनरमधल्या रेडिओलहरी सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या. हवेत त्यांची तरंगलांबी साडेचार मीटरहून जास्त. पाण्याने भरलेल्या शरीरात ती आक्रसून अर्ध्या मीटरच्या आसपास येते. आणि तार असते साधारण ४३ सेंटीमीटरची! ती चक्क अँटेना बनते आणि तिचं टोक, नेमकं मज्जातंतूपाशी, तापू शकतं. म्हणून यंत्राचं मॉडेल पाहूनच ठरतं, शरीराचा कुठला भाग या लहरींच्या टप्प्यात येऊ द्यायचा.

एमआरआयला सगळेच बिचकतात; फिजिओथेरपीतल्या शेकाला कोण घाबरतं? पण शॉर्टवेव्ह डायथर्मी म्हणजेही रेडिओलहरीच, २७ मेगाहर्ट्झच्या, आणि त्या तर मुद्दाम तापवण्यासाठीच सोडतात. पार्किन्सनसाठी मेंदूत अशाच तारेचे इलेक्ट्रोड बसवलेल्या एका रुग्णाला दात काढल्यानंतर जबड्यावर डायथर्मी दिली गेली. मेंदूला भयंकर इजा झाली. २००१मध्ये ही घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. त्यामुळे दुखणं गुडघ्याचं असो की कंबरेचं, यंत्र चालू असो की बंद, डायथर्मी वर्ज्य. उपचारासाठीचा अल्ट्रासाउंडही नको. तपासणीची सोनोग्राफी मात्र खुशाल करावी.

अशा रुग्णांच्या शस्त्रक्रियेत विजेने रक्तस्राव थांबवायला शक्यतो बायपोलर चिमटा वापरतात. त्यातली वीज दोन टोकांमध्येच खेळते, अंगभर फिरत नाही.

एमआरआय वा शस्त्रक्रिया आटोपल्यावर बंद केलेलं यंत्र तपासून पूर्वीच्या मात्रेवर पुन्हा सुरू करावं लागतं. स्पंद चालू असताना अनेकांचा आवाज घोगरा होतो. तो नेहमीचा घोगरेपणा परतला नसेल, तर घरी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावं.