रुपया–स्टर्लिंग विनिमय दर

रुपया–स्टर्लिंग विनिमय दर : भारताचा रुपया आणि ब्रिटनचा पौंड स्टर्लिंग या दोन चलनांच्या परस्पर अदलाबदलीचा दर. ब्रिटिश अमदानीत एका रुपयास किती शिलिंग व पेन्स मिळतात, या रूपात तो सांगितला जाई (१ पौंड = २० शिलिंग; १ शिलिंग = १२ पेन्स). त्यामुळे आकडा जितका मोठा, तितका रुपया महाग. पुढे एका पौंडास पडणारे रुपये सांगण्याची पद्धत रूढ झाली. जुनी व नवी कोष्टके ताडून पाहताना हा उलटा क्रम ध्यानात ठेवावा लागतो.

१८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा व त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असलेला रुपया सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात प्रमाण ठरला. कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन अल्पशी घडणावळ भरून तिचे रुपये पाडून घेऊ शके. ब्रिटनमध्ये सुवर्ण परिमाण होते. म्हणून रुपया व पौंड यांचा दर म्हणजे वस्तुतः चांदी व सोने यांच्यातील भावाचे प्रमाण होय. १८७३ पर्यंत तो दोन शिलिंगांच्या आसपास राहिला. त्यानंतर जर्मनीने सुवर्ण परिमाण स्वीकारले, फ्रान्स व त्याच्या सहकारी देशांनी चांदीची मुक्त नाणेपाडणी आवरली, आणि अमेरिकेतील नव्या खाणींतून चांदीचा पुरवठा वाढला. लंडनमध्ये औंसाला सु. ६० पेन्स असणारी चांदी १८९४ मध्ये सु. २९ पेन्सवर आली. तिच्याबरोबर रुपयाही घसरला.

या घसरणीचा सर्वांत मोठा भार सरकारी तिजोरीवर पडला. कर्जावरील व्याज, निवृत्तिवेतने, लष्करी खर्च, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेले व्याज इत्यादींसाठी हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत पौंड द्यावे लागत. यांना ‘होम चार्जेस’ म्हणत. महसूल मात्र रुपयांत गोळा होई. १८९२-९३ मध्ये सु. १ कोटी ६५ लक्ष पौंड पाठविण्यास सु. २६ कोटी ४८ लक्ष रुपये लागले. १८७३-७४ च्या दराने तीच रक्कम सु. १७ कोटी ७५ लक्ष रुपयांत भागली असती. ही जवळजवळ पावणेनऊ कोटींची तफावत अखेर करदात्याकडूनच वसूल व्हायची होती. पगारातील पैसे विलायतेस धाडणाऱ्या यूरोपीय अधिकाऱ्यांना १८९३ मध्ये विनिमयाच्या तोट्याबद्दल भत्ता मिळाला. रयतेला अशी भरपाई नव्हती.

हर्शेल समितीच्या शिफारशीवरून जून १८९३ मध्ये मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीस बंद करण्यात आल्या. रुपयांची टंचाई होऊन त्यांचा भाव चढावा, हा त्यातील हेतू. तो सफल होण्यास पाच वर्षे लागली. १८९८ मध्ये दर १ शिलिंग ४ पेन्सपर्यंत आला. त्या वेळी रुपयातील चांदी जेमतेम दहा पेन्सांची होती. सरकारचा ताळेबंद सावरला, पण त्याची किंमत इतरांनी मोजली. चीनचा व्यवहार चांदीत चाले; त्यामुळे तेथे जाणारे मुंबईच्या गिरण्यांचे सूत महाग झाले. त्याहून गंभीर परिणाम शेतकऱ्याच्या घरातील चांदीवर झाला. पूर्वी तोडे, वाळे, गोठ ही अडीनडीची पुंजी असे. टांकसाळीत ती जवळपास वजनास वजन रुपये होई. आता ती पडत्या बाजारभावाने विकणे एवढाच मार्ग उरला. १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांपूर्वी काही वर्षे हा बदल झाला, हे विसरून चालत नाही.

१८९९ मध्ये सॉव्हरिन हे सुवर्णनाणे १५ रुपयांस वैध चलन ठरले. प्रत्यक्षात मात्र सोन्याचे चलन रुजले नाही. भारतमंत्री लंडनमध्ये ‘काउन्सिल बिले’ म्हणजे भारतीय तिजोरीवरील रुपयांच्या हुंड्या विकून दर सावरून धरी. या सुवर्ण विनिमय परिमाणाचे समर्थन केन्स यांनी १९१३ मध्ये केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी द प्रॉब्लेम ऑफ द रुपी (१९२३) या ग्रंथात त्यावर कठोर टीका केली.

पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि १९१७ पासून दर टप्प्याटप्प्याने वाढवावा लागला. बॅबिंग्टन स्मिथ समितीने दोन शिलिंग (सुवर्ण) हा दर सुचविला. समितीचे सदस्य दादिबा मेरवानजी दलाल यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १ शिलिंग ४ पेन्सचाच आग्रह धरला. सरकारने १९२० मध्ये समितीचा दर टिकविण्यासाठी ‘रिव्हर्स काउन्सिल’ हुंड्यांद्वारे साडेपाच कोटींवर पौंड स्वस्तात विकले व सप्टेंबरमध्ये प्रयत्न सोडून दिला. पुढील वर्षी दर १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली गेला. दलालांचे मत खरे ठरले.

१९२६ मध्ये हिल्टन यंग आयोगाने १ शिलिंग ६ पेन्स हा दर सुचविला. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी त्याविरुद्ध १ शिलिंग ४ पेन्सचा पुरस्कार केला. वाद दोनच पेन्सांचा. पण एक पौंडाचा कापूस विकणाऱ्यास जुन्या दराने १५ रुपये मिळत, नव्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. सारा व सावकाराचे देणे मात्र रुपयांत तेवढेच राही. आयात माल स्वस्त झाल्याने देशी गिरण्यांची स्पर्धा वाढे. किंमती व मजुरी नव्या दराशी आधीच जुळल्या आहेत, असा आयोगाचा दावा होता. शेतमालापुरता तरी तो पटण्याजोगा नाही. १९२७ मध्ये अत्यल्प मताधिक्याने कायदा संमत झाला.

सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्ण परिमाण सोडले. रुपया त्याच दराने स्टर्लिंगला बांधला गेला. १९४९ मध्ये पौंडाबरोबरच रुपयाचेही अवमूल्यन झाल्याने हा दर अबाधित राहिला. ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने पौंड १३.३३ रुपयांवरून २१ रुपये झाला. १९६७ मध्ये एकट्या पौंडाचे अवमूल्यन होऊन तो १८ रुपयांवर आला. २५ सप्टेंबर १९७५ रोजी रुपयाचा स्टर्लिंगशी असलेला दुवा तोडून तो अनेक चलनांच्या समूहाशी जोडण्यात आला. मार्च १९९३ पासून रुपयाचा दर बाजारातील मागणी-पुरवठ्यानुसार ठरू लागला.