पुढून पांढरं, मागून लाल... मग हे कार्ड नेमकं कोणत्या रंगाचं?

समजा, तुम्ही मोबाईलवर मॅजिक द गॅदरिंग अरेना खेळताय. ब्रॉल या प्रकारासाठी निव्वळ पांढऱ्या रंगाचा डेक बांधायचाय. कार्डं चाळता चाळता आर्केंजल अवासिन दिसते. किंमत पाच माना. त्यातले दोन पांढरेच लागतात, उरलेले तीन कुठलेही चालतात. लाल रंगाचा कुठे मागमूस नाही.

तुम्ही खूश होऊन जपून ठेवलेलं मिथिक वाइल्डकार्ड खर्च करता आणि अवासिनला डेकमध्ये टाकायला जाता. तेव्हा कळतं की हे कार्ड या डेकमध्ये चालतच नाही.

कारण काय? तर कार्डाच्या मागच्या बाजूला असलेला एक छोटासा लाल ठिपका.

गेलेलं वाइल्डकार्ड काही परत येत नाही. पण दोन तोंडांच्या कार्डाचा रंग कसा ठरतो हे एकदा समजलं, तर पुढचं तरी वाचेल.

आधी साधं कार्ड समजून घेऊ

मॅजिक हा खेळ 1993 साली आला. रिचर्ड गारफिल्ड यांनी तो तयार केला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकन कंपनीने बाजारात आणला. यात पाच रंग आहेत. पांढरा, निळा, काळा, लाल आणि हिरवा. प्रत्येक रंगाचा स्वभाव वेगळा, ताकद वेगळी.

कार्डाचा रंग त्याच्या चौकटीवरून ठरतो असं नवख्यांना वाटतं. पण नियम तसं म्हणत नाही. कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात त्याची किंमत छापलेली असते. त्या किमतीत ज्या रंगाची चिन्हं असतील, तो कार्डाचा रंग. लाल चिन्ह असेल तर कार्ड लाल. लाल आणि निळं दोन्ही असतील तर कार्ड दोन्ही रंगांचं. आणि जमिनीच्या कार्डांना किंमतच नसते, त्यामुळे ती बिनरंगी. भले ती हिरवा माना देत असोत.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग 2011 साली इनिस्ट्राड हा संच आला आणि सोबत दोन्ही बाजूंनी छापलेली कार्डं आली. पुढे माणूस, मागे लांडगा. खेळताना कार्ड उलटायचं की माणसाचा लांडगा झाला.

आता अडचण अशी की या मागच्या बाजूला किंमत छापलेली नसते. कारण ती बाजू विकत घेऊन खेळायची नसते, पुढची बाजू उलटून ती मिळते. मग तिचा रंग ठरवायचा कसा? त्यासाठी कार्डावर एक छोटा रंगीत ठिपका छापला जातो. ठिपक्याचा रंग तोच त्या बाजूचा रंग.

अवासिनची भानगड इथेच आहे

आर्केंजल अवासिन 2016 च्या शॅडोज ओव्हर इनिस्ट्राड या संचातली. पुढून ती रक्षण करणारी पांढरी देवदूत. पण तुमच्या बाजूचा देवदूत नसलेला एखादा जीव मेला, की ती उलटते आणि अवासिन द प्युरिफायर होते. ही बाजू लाल. उलटल्यावर ती स्वतः सोडून मैदानातल्या प्रत्येक जीवाला आणि समोरच्या खेळाडूलाही तीन डॅमेज देते.

मग ही पांढरी की लाल?

उत्तर असं की, कार्ड कुठे आहे ते बघायचं. ती हातात असेल, डेकमध्ये असेल किंवा बाद झालेल्या कार्डांच्या ढिगात असेल, तर फक्त पुढची बाजू मोजायची. म्हणजे पांढरी. मैदानात उलटलेली असेल तर वर दिसणारी बाजू मोजायची. म्हणजे लाल, आणि तेव्हा ती पांढरी अजिबात नसते. एखादं कार्ड फक्त पांढऱ्या जीवांना ताकद देत असेल, तर उलटलेल्या अवासिनला ती मिळणार नाही.

पण मग निव्वळ पांढऱ्या डेकमध्ये ती का चालत नाही? कारण तिथे प्रश्नच वेगळा विचारला जातो.

रंग वेगळा, रंगओळख वेगळी

कमांडर आणि ब्रॉल या प्रकारांमध्ये तुम्ही एक म्होरक्या निवडता. बाकीची सगळी कार्डं त्याच्या रंगओळखीत बसावी लागतात. रंगओळख काढताना कार्डावर जिथे जिथे रंगाचं चिन्ह आहे, ते सगळं मोजतात. किंमत, मजकूर, ठिपका, आणि दोन्ही बाजू.

अवासिनच्या मागे लाल ठिपका आहे. म्हणून हातात असताना तिचा रंग पांढरा असला, तरी रंगओळख पांढरी आणि लाल. तिला खेळायला एकही लाल माना लागत नाही. तरीही निव्वळ पांढऱ्या डेकची दारं तिला बंद.

हाच नियम कधी फायद्याचाही ठरतो. 2021 च्या कालधाइम संचातली एसिका बघा. पुढच्या बाजूची किंमत तीन माना, त्यातले दोन हिरवे. म्हणजे कार्ड हिरवं. पण मागे प्रिझमॅटिक ब्रिज आहे आणि त्याच्या किमतीत पाचही रंग आहेत. त्यामुळे हिरव्या एसिकाला म्होरक्या केलं की पाचही रंगांची कार्डं डेकमध्ये घेता येतात.

एकाच बाजूवर दोन कार्डं असतील तर?

इथे गोंधळ आणखी वाढतो. 2000 सालच्या इन्व्हेजन संचापासून मॅजिकमध्ये जोडकार्डं आहेत. एकाच बाजूवर दोन मंत्र शेजारी शेजारी छापलेले असतात. ‘फायर’ आणि ‘आइस’ ही जोडी प्रसिद्ध आहे. फायर लाल, आइस निळं. हे कार्ड हातात असताना लाल आणि निळं दोन्ही असतं. खेळताना मात्र जो अर्धा भाग खेळाल, तेवढाच रंग.

मग 2019 मध्ये थ्रोन ऑफ एल्ड्रेन संचात अॅडव्हेंचर कार्डं आली. दिसायला तीही तशीच, एका बाजूवर दोन कार्डं. एक जीव आणि त्याच्या पोटात छापलेला एक मंत्र. पुढे काही कार्डांत हे दोन भाग वेगवेगळ्या रंगांचेही आले. इल्युसिव्ह ऑटर हे पाणमांजराचं कार्ड निळं आहे, पण त्याच्या पोटातला मंत्र हिरवा. तर हे कार्ड हातात निळं आणि हिरवं धरायचं का? नाही. फक्त निळं. अॅडव्हेंचर कार्डात जीव हाच मुख्य मानला जातो. रंगओळखीत मात्र हिरवाही येतो.

म्हणजे दिसायला सारखी असलेली दोन कार्डं, पण उत्तरं दोन.

कॉम्प्युटरची पंचाईत

टेबलावर खेळताना हे चालून जातं. कार्ड उलटून बघायचं, अडलं तर समोरच्याला विचारायचं. अॅपला तसं करता येत नाही. तुम्ही ‘लाल’ फिल्टर दाबला की त्याला प्रत्येक कार्डाबद्दल हो किंवा नाही ठरवावंच लागतं.

कार्डं शोधण्यासाठी स्क्रायफॉल नावाची साइट आहे. तिची माहिती वापरून अनेक जण स्वतःची छोटी अॅपं बनवतात. तिथे जोडकार्डाचा रंग अख्ख्या कार्डाच्या नावावर नोंदवलेला असतो. उलटणाऱ्या कार्डांचा रंग मात्र प्रत्येक बाजूच्या नोंदीत वेगळा असतो. नवख्या प्रोग्रामरने फक्त वरची नोंद वाचली, तर त्याला अवासिनचा रंग सापडतच नाही. मग पांढरी आणि लाल अवासिन थेट बिनरंगी कप्प्यात, जमिनीच्या कार्डांशेजारी जाऊन बसते.

आणि अशी चूक फक्त प्रोग्रामरच करतात असं नाही. कालधाइममध्ये वाल्की नावाचं कार्ड होतं. पुढची बाजू दोन मानाची आणि काळी. मागची बाजू टिबाल्ट, सात मानाची, काळी आणि लाल. या कार्डाची कुठलीही बाजू थेट खेळता येते. मॅजिकमध्ये कॅस्केड नावाची एक जुनी ताकद आहे, ती डेकमधून स्वस्तातलं कार्ड शोधून फुकट खेळू देते. डेकमध्ये फक्त पुढची बाजू मोजायची, म्हणून कॅस्केडला वाल्की दोन मानाचा दिसायचा. खेळाडू मात्र तेच कार्ड मागच्या बाजूने खेळायचे आणि सात मानाचा टिबाल्ट फुकटात मैदानात यायचा. शेवटी फेब्रुवारी 2021 मध्ये कंपनीने कॅस्केडचा नियमच बदलला. शोधलेलं कार्ड स्वस्त हवंच, पण प्रत्यक्षात खेळलेली बाजूही स्वस्त हवी.

इथे मुद्दा किमतीचा होता, पण मूळ तेच. एकाच कार्डाबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आणि दोन्हींचं उत्तर एकच असेल असं धरलं गेलं.

वाइल्डकार्ड खर्च करण्याआधी

त्यामुळे “या कार्डाचा रंग कोणता?” हा प्रश्न अर्धवट आहे. डेकमध्ये चालेल का हे बघायचं असेल आणि तुम्ही ब्रॉल किंवा कमांडर खेळत असाल, तर दोन्ही बाजू वाचा, मजकुरातली चिन्हं आणि ठिपकासुद्धा. हातातल्या किंवा डेकमधल्या कार्डाचा प्रश्न असेल तर पुढची बाजू बघा. जोडकार्ड असेल तर दोन्ही अर्धे, अॅडव्हेंचर असेल तर फक्त जीव. आणि कार्ड मैदानात असेल तर जे वर दिसतंय तेच खरं.

बाकी फिल्टर काहीही दाखवो, वाइल्डकार्ड मोडण्याआधी कार्ड एकदा उलटून बघायला काहीच खर्च येत नाही.