विश्लेषण : ‘थॉर’ सिनेमातला तो महाकाय लांडगा मूळ कथेत कोण? नॉर्स पुराणातल्या प्राण्यांची गोष्ट

‘थॉर : रॅग्नारोक’ (२०१७) या सिनेमात हेला ही ओडिनची मुलगी आणि फेनरिस हा तिचा महाकाय लांडगा. मूळ नॉर्स कथांमध्ये मात्र नाती वेगळी आहेत. तिथे हेल आणि फेनरिर ही सख्खी भावंडं आहेत आणि त्यांचा बाप आहे लोकी. ‘गॉड ऑफ वॉर’ गेममध्ये दिसणारा अजस्र सर्प योर्मुंगांडर हा त्यांचा तिसरा भाऊ.

या कथा आल्या कुठून?

ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलँडमध्ये या कथा तोंडी सांगितल्या जात. आइसलँडने इ. स. १०००च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी स्नोरी स्टुर्लुसन या तिथल्या राजकारणी लेखकाने त्या ‘गद्य एडा’मध्ये लिहून ठेवल्या. जुन्या देवकाव्यांचा मोठा आधार म्हणजे ‘कोडेक्स रेगियस’ हे तेराव्या शतकातलं हस्तलिखित. त्याची आज फक्त ४५ चर्मपत्रं उरली आहेत. अनेक शतकं डेन्मार्कमध्ये राहिलेलं हे हस्तलिखित १९७१ मध्ये आइसलँडला परत मिळालं.

फेनरिरला का बांधलं?

लोकीच्या तीन मुलांमुळे देवांचा घात होणार, असं भाकीत होतं. म्हणून ओडिनने सर्पाला समुद्रात फेकलं आणि हेलला मृतांच्या राज्यात धाडलं. लांडगा देवांकडेच वाढला, पण त्याला खाऊ घालायची हिंमत एकट्या टीर देवाची होती.

लांडगा दिवसेंदिवस वाढत गेला. दोन मजबूत बेड्या त्याने तोडल्या. मग बुटक्या कारागिरांनी मांजराच्या पावलांचा आवाज, स्त्रीची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी या सहा गोष्टींपासून ग्लेपनिर नावाची रेशमासारखी मऊ फीत बनवली. लांडग्याला संशय आला. ‘कोणीतरी तारण म्हणून माझ्या तोंडात हात ठेवा,’ अशी अट त्याने घातली. टीर पुढे झाला. फीत तुटत नाही हे दिसताच देव हसले. हसला नाही तो फक्त टीर, कारण त्याचा हात गेला होता.

तोवर फेनरिरने कोणाला इजा केल्याचं स्नोरी सांगत नाही. देवांनी भीतीपोटी विश्वासघात केला. पुढे रॅग्नारोक या अंतिम युद्धात सुटलेला फेनरिर ओडिनला गिळतो. थॉर सर्पाला मारतो, पण त्याच्या विषामुळे नऊ पावलं चालून कोसळतो.

सगळेच प्राणी शत्रू आहेत का?

नाही. हुगिन आणि मुनिन हे दोन कावळे रोज जगभर फिरून ओडिनला बातम्या आणतात. त्यांच्या नावांचा अर्थ साधारण ‘विचार’ आणि ‘स्मृती’. ओडिनचा आठ पायांचा घोडा स्लेपनिर हाही लोकीचंच अपत्य, पण इथे लोकी बाप नसून आई आहे! त्याने घोडीचं रूप घेतलं होतं. थॉरच्या रथाचे बोकड रात्री कापून खाल्ले तरी सकाळी पुन्हा जिवंत होतात, मात्र एकही हाड मोडता कामा नये. राटाटोस्क ही खार इग्द्रासिल या विश्ववृक्षावर खालीवर धावत शेंड्यावरचा गरुड आणि मुळाशी असलेला नीडहॉग यांच्यात भांडणं लावते.

पुरावे फक्त पुस्तकातच आहेत का?

दगडांवरही आहेत. स्वीडनमधल्या आल्टुना शिलालेखावर थॉर सर्पाला गळाला लावताना दिसतो. जोर लावताना त्याचा पाय होडीच्या तळातून बाहेर आला आहे. स्नोरीच्या कथेतही हाच तपशील येतो. गॉटलँड बेटावरच्या त्यांगविडे शिळेवर आठ पायांचा घोडा कोरलेला आहे.

आज त्यांचं काय उरलंय?

आकाशात पाहा. शनीच्या चंद्रांना फेनरिर, तसंच सूर्य-चंद्राचा पाठलाग करणाऱ्या स्कोल आणि हाती या लांडग्यांची नावं दिली आहेत. कॅलेंडरही पाहा. रोमन लोकांचा मंगळाचा वार जर्मानिक लोकांनी टीरच्या नावावर केला, तोच इंग्रजीतला ‘ट्यूसडे’. म्हणजे आपण ज्याला मंगळवार म्हणतो, तो इंग्रजीत अजूनही लांडग्याच्या तोंडात हात घालणाऱ्या देवाचा वार आहे.